ग्रोटेस्क या शब्दाचा वाक्यात उपयोग

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय पृथ्वीराज मुळीक साहेब, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले शिक्षण विस्तार अधिकारी साहेब, व्यासपीठावर विराजमान मुख्याध्यापक देसाई सर, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आपले जयसिंग कांबळे सर आणि सौ. मीनावहिनी, पहिल्या रांगेत मांडीवर शाल घेऊन बसलेले नेसरीचे ज्येष्ठ मूर्तिकार केरबा कुंभार, माझे शिक्षक बंधू-भगिनी, शिक्षकेतर कर्मचारी, पालक, आजी-माजी विद्यार्थी, आणि 'आत या, आत या' म्हटलं तरी मागच्या दारातच उभ्या राहिलेल्या आमच्या तानाबाई, तुम्हा सर्वांना आरेकर बाईंचा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या तेजस्वीनं मला दहा मिनिटं दिली आहेत. भारनियमनाच्या वेळापत्रकानुसार तीन वाजता लाईट जाईल. मी माईकवाचूनही ऐकू जाते हे नववी-अ ला माहीत आहे, त्यामुळे काळजी नसावी.

माझ्याआधी चार वक्ते बोलले. सरांचं इंग्रजी, सरांची शिस्त, सरांची सायकल, सगळं सांगून झालं. एका वक्त्यांनी एकोणीसशे शहाण्णव ते दोन हजार दोन या सहा वर्षांचा उल्लेख 'सरांनी नेसरीकडच्या शाखेला दिलेलं योगदान' असा केला. ऐकायला फार छान वाटलं. पण योगदान माणूस आपणहून देतो. सरांना तिकडं का जावं लागलं, हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे आणि उरलेल्या निम्म्यांना चुकीचं ठाऊक आहे. म्हणून मी मराठीची शिक्षिका असूनही आज एका इंग्रजी शब्दावर बोलणार आहे. तो शब्द आहे ग्रोटेस्क. अर्थ, विचित्र कुरूप. निदान शब्दकोशात तरी एवढाच दिला होता.

निमंत्रणपत्रिकेत 'शाल व श्रीफळ केरबा कुंभार यांच्या हस्ते' असं वाचून बऱ्याच जणांनी मला विचारलं, बाई, आमदार नाहीत, सभापती नाहीत, गणपती करणारा माणूस कसा काय? तशी सरांचीच इच्छा होती. त्यांनी दुसरं काहीच मागितलं नाही.

काल संध्याकाळच्या एसटीनं केरबा कुंभार आले आणि मुक्कामाला माझ्या घरी उतरले. मी त्यांना आण्णा म्हणते. ते माझे वडील आहेत.

कुजबुज मला इथपर्यंत ऐकू येते. होऊ दे. एकवीस वर्षं या शाळेत नोकरी करून हे वाक्य मी आज पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारते आहे, तेव्हा थोडी कुजबुज माझ्या वाट्याला यायलाच हवी. काहींना हे माहीत असणार. ते इतकी वर्षं गप्प राहिले, त्यांच्या सौजन्याचे आभार मानायचे की कसं, मला समजत नाही.

काल जेवताना आण्णा मला म्हणाले, "आक्का, उद्या त्या मास्तराच्या अंगावर शाल घालणार मी. बोलावलंय, मान दिलाय, न्हाय कसं म्हणायचं? पर घालायच्या आधी त्येच्या डोळ्यांत बघून एकच इचारणार हाय. म्हणणार, पावणं, मी तुमचं काय वाईट केलं हुतं?"

हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जाणार आहे. आणि चुकीचा माणूस त्याचं काय उत्तर देईल, हेही मला पाठ आहे. कांबळे सर हात जोडतील आणि म्हणतील, चुकलं माझं. त्यानंतर टाळ्या, नारळ, फोटो. म्हणून शालीच्या आधी मी बोलायला उभी आहे. नंतर बोलून काही उपयोग नाही.

सर, तुम्ही मान हलवून 'नको' म्हणताय ते मला दिसतंय. आज तुमचं ऐकणार नाही.

तर फलक. फाटकाशेजारचा तो काळा फलक नव्या मुलांना इमारतीसोबतच आल्यासारखा वाटत असेल. तो सरांनी अठ्ठ्याऐंशी साली लावला. रोज एक इंग्रजी शब्द, त्याचा मराठी अर्थ, आणि वाक्यात उपयोग. सरांचा नियम एकच होता. वाक्य डिक्शनरीतून उचलायचं नाही. वाक्य आपल्या गावचं हवं, आणि खरं हवं. 'रिलक्टंट', म्हणजे नाखूश, या शब्दाला त्यांनी लिहिलं होतं, आपली एसटी घाटात रिलक्टंट असते. 'पंक्च्युअल'ला लिहिलं, दुधाचा टेम्पो पंक्च्युअल आहे, आमचे मुख्याध्यापक नाहीत. देसाई सर, तुम्ही नव्हे, तुमच्या आधीचे. ते स्वतः बाहेर येऊन वाचून गेले, हसले, आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं लवकर आले.

फलकाचं तोंड रस्त्याकडं. त्यामुळे एसटीची वाट बघणारी माणसं, उसाच्या बैलगाड्या, सगळे वाचत जायचे. समोर तानाबाईंचा चहाचा गाडा. ज्यांना वाचता यायचं नाही त्यांना तानाबाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून वाचून घेऊन सांगायच्या. एखाद्या दिवशी शब्द बदलला नाही, तर रस्त्यापलीकडून हाक यायची, "ओ सर, आज शिळाच लावलाय की!" रॉकेल संपत आलं की त्यांचा स्टोव्हसुद्धा रिलक्टंट व्हायचा. तानाबाई, खरं की खोटं?

ऐकलंत? "व्हय की" म्हणाल्या.

आता पुतळा. आपल्या संस्थेचे संस्थापक कै. सयाजीराव मुळीक, म्हणजे दादा, यांचा अर्धपुतळा पंचाण्णव साली बसवला. मी जे सांगणार आहे त्यात दादांविषयी कणभरही अनादर नाही. माझ्यासारख्या कुंभाराच्या पोरीला पायावर उभं केलं ते दादांच्या संस्थेनं. पुतळ्याचं काम नेसरीला कुणाकडं गेलं हे मला आण्णांच्या अंगणात अर्धवट झालेलं डोकं बघूनच कळलं. इथं येऊन मी ते कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणतील बाईंनी माहेरी काम मिळवून दिलं. आण्णाही म्हणाले, "तू लांबच ऱ्हा. तुझी नोकरी हाय."

अनावरणाच्या दिवशी तुमच्यापैकी कोण कोण होतं? दोरी ओढली, पडदा खाली आला, आणि टाळ्या वाजायच्या जागी काही क्षण काहीच वाजलं नाही. पहिल्या रांगेतलं एक लहान मूल रडायला लागलं. मग बँडवाल्यांनी प्रसंगावधान राखलं.

कपाळ एवढं मोठं की त्याच्या ओझ्यानं बाकीचा चेहरा दबल्यासारखा. डोळे दोन टपोऱ्या लिंबांएवढे, आणि ते समोरच्याकडं बघायचेच नाहीत. खाली बघायचे. पोरांनी तर ठरवूनच टाकलं, 'दादा चपला बघतात'. तुटक्या चपलांची मुलं पुतळ्यासमोरून पळत जायची. घाबरायचीही आणि हसायचीही. आणि रोज बघायचीही. मी मुलींच्या रांगेशेजारी उभी होते. आण्णा पलीकडं, गड्यामाणसांत. आमची नजरानजर झाली आणि मी मान फिरवून रांग सरळ करायला लागले. रांग सरळच होती.

त्या दिवशी एक संवाद माझ्या कानावर पडला होता. आण्णा चौथऱ्याकडं हात करून बांधकामवाल्याला म्हणत होते, "ह्ये खाली झालं की वो!" आणि तो म्हणत होता, "म्हातारबा, सायबांचा हात पोचाय नको व्हय हाराला?" मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला त्याचा अर्थ लागला नाही. लावून घ्यायची इच्छाही नव्हती.

त्यानंतर वर्षभरानं मनाली नावाची दहावीतली मुलगी रद्दीतल्या एका इंग्रजी पेपराचा तुकडा घेऊन सरांकडं आली. त्यात हा शब्द होता. सरांनी कोश काढला. 'विचित्र कुरूप' लिहिलेलं वाचलं आणि त्यांचं काही समाधान झालं नाही. मधल्या सुट्टीत ते शिक्षकखोलीत आले आणि म्हणाले, "नुसतं कुरूप नको. नुसतं विचित्रही नको. दोन्ही एकदम असलेलं काहीतरी सांगा, आपल्या गावातलं."

मग काय, आम्हाला विषयच मिळाला. कुणी म्हणालं, शेतातलं बुजगावणं. सर म्हणाले, ते कुरूप नसतं, ते कामावर असतं. कुणी म्हणालं, कारखान्याच्या मळीचा वास. सर म्हणाले, वास दिसत नाही. गणिताच्या पाटील सरांची सही, असंही सुचवून झालं. पाटील सरांनी तिथल्या तिथं सही करून दाखवली आणि सगळ्यांना मान्य करावं लागलं की अगदीच काही चुकीचं नाही.

मी खिडकीशी सहामाहीचे पेपर तपासत होते. मान वर न करता हसत म्हणाले, "मग आपला पुतळा की."

सगळे हसले. सर माझ्याकडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "बाई, हे अगदी बसतंय." तेव्हा मी 'नको' म्हणू शकले असते. मी म्हणाले, "लिहा की. वाचतंय कोण?"

आण्णा, वाक्य माझं होतं. कांबळे सरांचं नव्हतं. तुम्ही अजून माझ्याकडं बघू नका. पुरतं सांगू द्या.

मी असं का म्हणाले? अकरा वर्षं मी स्वतःला विचारते आहे. मला हसवायचं होतं का? की वर्षभर जे मनात दाबून ठेवलं होतं, ते कुणीतरी एकदाचं मोठ्यानं म्हणावं आणि मी मोकळं व्हावं, असं वाटत होतं? की सगळ्यांत वाईट म्हणजे, तो पुतळा माझ्या कुणाचा नाही हे मला त्या खोलीत सिद्ध करायचं होतं? या तिन्हींपैकी खरं कोणतं, ते माझं मलाच सांगता येत नाही. तुम्हाला मी कोणतं उत्तर देऊ?

दुसऱ्या दिवशी फलकावर वाक्य आलं. इंग्रजीत होतं. त्याचा मराठी अर्थ असा, 'आमच्या शाळेतला पुतळा ग्रोटेस्क आहे, तरी रोज त्याच्याकडं बघितल्याशिवाय राहवत नाही.' वाक्याचा दुसरा भाग सरांचा. तो कुणीच वाचला नाही. शब्दाच्या खाली मराठीत मोठ्या अक्षरांत होतं, विचित्र कुरूप.

त्याच दिवशी आण्णा रंग न्यायला इथं गडहिंग्लजला आले होते. आण्णा चौथी शिकलेत. मराठी वाचतात, आणि इंग्रजी वाक्य तिथं उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या मुलीनं त्यांना समजावून सांगितलं. हे मला तानाबाईंनी सांगितलं. आण्णांनी विचारलं, "ह्ये लिवलंय कुणी?" तानाबाई म्हणाल्या, "कांबळे सर की. रोज त्येच लिवत्यात." आण्णांनी चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि परतीची गाडी धरली. तानाबाईंना तेव्हा हे कोण ते माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. तेवढी काळजी मी घेतली होती.

तिसऱ्या दिवशी संस्थेची बैठक बसली. अध्यक्ष महोदय, आपण त्या वेळी पुण्याला शिकत होता, त्यामुळे या प्रकाराशी आपला संबंध नाही. बैठकीत सरांना विचारलं, हे तुम्हाला सुचवलं कुणी? आम्ही सगळे भिंतीला लागून उभे होतो. मी खिडकीजवळ. सर म्हणाले, "फलक माझा, खडू माझा, वाक्य माझं." माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोलले असते. कदाचित. हा शब्द फार सोयीचा आहे.

त्या आठवड्यात गावात काय काय बोललं गेलं, ते मी या व्यासपीठावर उच्चारणार नाही. सर कोणत्या वस्तीतून शिकून वर आले, हे कित्येकांना अचानक आठवलं एवढंच सांगते. तेच वाक्य माझ्या नावावर असतं तर 'बाईंना पोच नाही' म्हणून विषय मिटला असता. सरांच्या नावावर आलं म्हणून 'यांची हिंमत फार वाढली' असं झालं. मीनावहिनी, तुमचा प्रसेनजीत तेव्हा सातवीत होता. त्याला वर्गात काय ऐकावं लागलं, ते तुम्ही मला कधीच बोलून दाखवलं नाही. मी संक्रांतीला तुमच्याकडं नुसता तिळगूळ घेऊन यायचे, तुम्ही चहा करायचात, आणि आपण साड्यांविषयी बोलायचो.

सरांची बदली झाली नेसरीकडच्या शाखेत. कुणाच्याही लक्षात न येता नियतीनं, की संस्थेच्या क्लार्कनं, त्यांना माझ्या माहेरी पाठवलं.

इकडं आण्णांनी माणसाचा चेहरा करणं सोडलं. त्या दिवाळीला मी गेले तर म्हणाले, "तुमच्या साळंत एक कांबळे मास्तर हाय न्हवं? शाना हाय." एवढंच. त्यानंतर नेसरीच्या सोसायटीनं त्यांच्या जुन्या चेअरमनचा पुतळा करायला सांगितला, तर नाही म्हणाले. बेंदराचे बैल करतात, गणपती करतात, गौरी करतात. मी विचारलं, आण्णा, का? तर म्हणाले, "देवाचं बरं असतंय आक्का. त्यो कसा दिसतो कुणाला म्हायत न्हाय." मी हसले. विनोद समजून हसले की घाबरून, तेही नक्की नाही.

सर रोज आण्णांच्या कामाच्या छपरासमोरून शाळेला जायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांना कुणीतरी कौतुकानं सांगितलं, ह्या केरबाची पोरगी तुमच्याच गडहिंग्लजच्या शाळेत मास्तरीण आहे. म्हणजे जे वाक्य मी हसत सुचवलं ते कुणाच्या कामाविषयी होतं, हे सरांना तेव्हाच समजलं. ते परत आले दोन हजार दोन साली. आज दोन हजार सात आहे. या सगळ्या वर्षांत आम्ही एका टेबलावर डबे खाल्ले, आणि त्यांनी एकदाही मला विचारलं नाही, बाई, असं कसं हो?

नेसरीत सर रोज छपरापाशी दोन मिनिटं थांबायचे. आण्णा त्यांच्याकडं पाठ करून काम करायचे. सहा वर्षं. दोघेही हट्टी. पण पाठ करून काम करणाऱ्या माणसाचं कामही बघता येतं. एकदा मंडळाचा मोठा गणपती चालला होता. सरांनी बघितलं, आण्णा मूर्तीच्या पायाशी जमिनीवर चक्क उताणे झोपले आणि खालून चेहऱ्याकडं बघत राहिले. उठले, कपाळावर आणखी माती चढवली, डोळे थोडे खाली वळवले. पुन्हा झोपले.

गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर सरांनी मला पुतळ्यापाशी नेलं. म्हणाले, "बाई, खाली बसा." मी म्हटलं, सर, इस्त्रीची साडी आहे. म्हणाले, "बसा हो." मी चौथऱ्याला खेटून जमिनीवर बसले आणि वर बघितलं.

तिथं दादा होते. मी नोकरीला लागले तेव्हा मुलाखतीत 'पाणी घेतलंस का पोरी?' असं विचारणारे दादा. कपाळ कपाळाएवढं. आणि डोळे सरळ माझ्याकडं.

आण्णांना संस्थेनं चौथरा नऊ फुटांचा सांगितला होता. आण्णांनी त्या उंचीसाठी चेहरा घडवला, जसा ते मंडळाच्या गणपतीचा घडवतात. पण अनावरणाला येणाऱ्या पाहुण्यांचे गुडघे दुखत होते. शिडीवर चढून हार घालणं त्यांना झेपणार नव्हतं, आणि शिडीवरचा पाहुणा फोटोतही बरा दिसत नाही. म्हणून चौथरा साडेतीन फुटांवर आला. आपल्याकडं पुतळ्याला हार नाही पोचला तर पुतळ्याचा काय उपयोग? त्यांनीही कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं.

मग मला आठवलं, चौथऱ्याच्या सावलीत बसून डबा खाणारी मुलं पुतळ्याला कधीच घाबरत नाहीत. आम्ही शिक्षक कधी खाली बसलोच नव्हतो.

इथं माझं भाषण संपायला हवं होतं. 'बघण्याची दृष्टी बदला' असं काहीतरी बोलून मी खाली बसले असते. पण मी तिथून उठले, साडी झटकली, समोर उभी राहिले, आणि पुतळा पुन्हा तसाच दिसला. विचित्र. कुरूप. मी परत बसले. दादा. परत उठले. तसाच. चार वेळा मी हे केलं. सर शांतपणे बघत होते. मी विचारलं, सर, मग तो शब्द चुकला होता की नव्हता? सरांनी पिशवीतून त्यांची शब्दांची वही काढली. अठ्ठ्याऐंशीपासूनचे सगळे शब्द आणि त्यांचे अर्थ. ग्रोटेस्कपुढं कुरूप लिहून खोडलेलं, विद्रूप लिहून खोडलेलं, बेढब लिहून खोडलेलं. शेवटी पेन्सिलीनं तानाबाईंनी कधीतरी सांगितलेला अर्थ, 'बघवंना, अन् बघायचं सोडवंना'. त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह. सर म्हणाले, "मला अजून लागलेला नाही. तुम्ही मराठीच्या. तुम्हाला लागला तर सांगा."

मला लागलेला नाही, सर. माझं त्या दिवशीचं हसणं मला आता कसं दिसतं, त्याला मात्र हा शब्द लावून बघितला, तर बरोबर बसतो. तिथं मला खाली बसूनही काही वेगळं दिसत नाही.

आणि तुम्ही आण्णांच्या हातची शाल का मागितलीत, हेही मला कळलेलं नाही. त्यांचा मान म्हणून, की मला बोलतं करायला? विचारणार नाही. अकरा वर्षं तुम्ही मला काही विचारलं नाहीत. एवढं तरी मी परत करते.

आण्णा, आता बघा माझ्याकडं. तुम्हाला जे विचारायचं आहे ते मला विचारा.

आण्णा उठलेत. काय म्हणालात? तेजस्वी, त्यांच्याकडं माईक ने गं. नको म्हणतात. मागं ऐकू गेलं नसेल म्हणून मी सांगते. आण्णा विचारताहेत, "आता कसा दिसतोय तुला त्यो?"

खरं सांगू, आण्णा? बसून बघितला की दादा दिसतात. उभी राहिले की तसाच दिसतो. अजूनही.

काय?

आण्णा म्हणताहेत, "व्हय. मला बी."

अध्यक्ष महोदय, आण्णा शाल घेऊन निघालेत, आणि कांबळे सर खुर्ची सोडून पायऱ्यांपर्यंत खाली आलेत. कार्यक्रमपत्रिकेत असं नव्हतं, पण त्यांना कुणी अडवू नये अशी विनंती आहे. फोटोग्राफरनं वाटेत येऊ नये.

मला इतका वेळ ऐकून घेतलंत, मधे चिठ्ठी पाठवली नाहीत, याबद्दल आपली, पाहुण्यांची आणि या सभागृहाची मी आभारी आहे. मीनावहिनी, तुमची विशेष. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, नाव घ्यायचं राहिलं असेल, संस्थेविषयी जीभ सैल सुटली असेल, तर ते सगळं आपण उदार मनानं पोटात घालावं. शहाण्णव सालचं ते एक वाक्य मात्र घालू नये. त्याची क्षमा करायची की नाही, हे त्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या दोघांचं आहे.

नमस्कार.